खसखशीची नखं

॥ श्री ॥

चँडलर,
शुक्रवार, ६ मे २००५

प्रिय आसावरी,

तू पडल्या पडल्या वाचणार, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. हे पत्र डब्याच्या पिशवीत तळाशी, ताकाच्या बाटलीखाली ठेवलंय. श्रीरंगला ठाऊक नाही. "आई, तिला काही सांगायचं नाही, टेन्शन द्यायचं नाही," असं त्याने मला तीनदा बजावलंय. पण पोटातली वार खाली सरकली आणि डॉक्टरांनी हॉस्पिटलात आडवं ठेवलं म्हणून बाईचे कान बंद होत नाहीत, आणि तुझ्याच मांजराची गोष्ट तुझ्यापासून लपवायची हे मला पटत नाही. तर आधी मुद्द्याचं. खसखशीचं ऑपरेशन झालेलं नाही. मंगळवारी मी तिला जशी नेली तशीच, अठराच्या अठरा नखांसकट, परत आणली. श्रीरंग तुला 'सगळं ओके' म्हणाला असेल. मांजर ओके आहे. तो नाही. तीन दिवस माझ्याशी "हो", "नको" आणि "दूध संपलंय" एवढंच बोलतो आहे. बोलू दे. मी केलं ते बरोबर केलं आणि पुन्हा करीन.

पण आग मीच लावली होती, तेही लिहिते. मार्चमध्ये तुझ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत आले त्या दिवसापासून मी त्या मांजराच्या नावाने खडे फोडत होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी बसून देवाला कापसाची एकवीस वस्त्रं केली, ती तिने सोफ्याखाली नेऊन एकेक सुटी केली. वातींचा डबा पाडला. माझ्या सोवळ्यातल्या साडीचे धागे ओढले. झाडू घेऊन मागे लागले तर मनगटावर ओरखडा काढला. आणि त्याच दिवशी जेवायला वाढता वाढता मी म्हणाले, "ह्या नखांचं आधी काहीतरी बघा. उद्या पाळण्यात उडी मारली तर? मांजर असंच राहणार असेल तर मी बाळंतपण टाकून परत जाते." तू मान खाली घालून म्हणालीस, "हो आई."

तुझं हे 'हो आई'! लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या बायका म्हणाल्या होत्या, नागपूरची मुलगी आहे, तोंडाने फटकळ असेल, सांभाळा. पाच वर्षं मी त्या फटकळपणाची वाट बघते आहे. दुसऱ्या दिवशी तू जनावरांच्या दवाखान्यात फोन केलास आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसलीस. नळ वाहत होता. वाळवंटातलं गाव, पाणी वाया जातंय म्हणून मी दारावर टकटक केली. तू नळ बंद केलास. आत काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आसावरी. मला वाटलं, पित्त झालं असेल.

कळलं ते मंगळवारी, गाडीत. पिंजरा माझ्या मांडीवर होता आणि ती आत ओरडत होती, म्हणजे अगदी माणसासारखी कण्हत होती. मी सहज म्हणाले, एवढं प्रेम आहे तर आसावरी हे का करते आहे? श्रीरंग सिग्नलला थांबला होता. समोर बघतच म्हणाला, "तुझ्यासाठी करतेय, आई." मग सिग्नल सुटला आणि त्याने मला सगळं सांगितलं. आधी दोनदा पोटातलं गेलं ते. दोन हजार दोनच्या दिवाळीत एकदा आणि नंतरच्या उन्हाळ्यात एकदा. दर रविवारी फोनवर मला "सगळं छान" सांगायचात, आणि मी विचारायची, "काही बातमी?" मी विचारायची ना? तेच विचारायची. तो म्हणाला, दुसऱ्या वेळी तू महिनाभर खोलीचे पडदे उघडले नाहीस. व्हिसामुळे नोकरी नाही, गाडी शिकलेली नाही, दिवसभर एकटी. तेव्हा त्याने तुला हे राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू आणून दिलं. ते तुझ्या पोटावर येऊन झोपायचं आणि भूक लागली की ओरडायचं, म्हणून तू उठून बसायला लागलीस. हे मला पंचवीस मैलांच्या रस्त्यात, एसीच्या आवाजात कळलं.

मी म्हणाले, मग गाडी वळव. तर म्हणतो, "आता कुठे वळवू? आणि घाबरतेस काय, लेझर आहे, ब्लेड नाही. आमच्या चिपच्या फॅबमध्ये केसाच्या शंभराव्या भागाएवढं कापतो आम्ही लेझरने. रक्तसुद्धा येत नाही." मी विचारलं, रक्त आलं नाही म्हणजे कापलं नाही असं होतं का रे? त्याच्या कारखान्यात कुठलंसं मशीन बंद पडलं होतं, मला घरी सोडायला वेळ नव्हता. त्याने तिथल्या कागदावर सही केली, मला खुर्चीवर बसवलं, "बोलावलं की पिंजरा त्यांच्या हातात दे, दुपारी मी येतो," म्हणाला आणि गेला.

दवाखाना छान आहे, खोटं कशाला बोलू. आपल्याकडच्या माणसांच्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ. समोर एक लाळ गाळणारा वासरासारखा कुत्रा. टेबलावर गुळगुळीत कागदाचं पत्रक होतं, लेझरचं. त्यावर एक मांजर सोफ्यावर झोपलेलं आणि त्याच्या पंजावर लाल किरण, तेजोवलयासारखा. मी मॅट्रिक झाले ती इंग्रजी घेऊन झाले आहे. पन्नास मार्क होते, पण होते. बोट ठेवून एकेक शब्द लावत गेले. कमी वेदना. कमी सूज. लवकर घरी. आणि खाली बारीक अक्षरात, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. दोनदा वाचलं. मग तिथे काम करणारी ती मारिसोल नावाची मुलगी पिंजरा घ्यायला आली. मेक्सिकोकडची आहे, गोल चेहऱ्याची, गळ्यात देवीचं पदक. मी पत्रकावर बोट ठेवलं आणि माझे दोन्ही हात तिच्यापुढे धरले. ती इकडेतिकडे बघून माझ्या शेजारी बसली. माझं पहिलं बोट घेतलं, नखापाशी नाही, त्याच्या खाली पहिल्या पेरावर, जिथे आपण जप मोजतो तिथे, चिमटीत धरलं. "हिअर," म्हणाली. मग दुसरं बोट. मग तिसरं. दहा वेळा ती "हिअर" म्हणाली. तिने मत काही दिलं नाही. तिची नोकरी आहे. पण पुढच्या दोन पंजांची दहाही बोटं तिने माझ्या हातांवर मोजून दाखवली.

आसावरी, आपण सगळे 'नखं काढणं' म्हणत होतो. तू, मी, श्रीरंग, आणि ती शेजारची सरला. तिने तर मला "अहो मावशी, इथे सगळेच करतात, आमच्या मांजराला कळलंसुद्धा नाही," म्हणून धीर दिला होता. बोटं तोडणं कुणी म्हणालं नाही.

मी पिंजरा उघडला, तिला बाहेर घेतली आणि पदराखाली मांडीवर बसवली. मारिसोलला म्हणाले, नो. ती आत गेली. डॉक्टर आला. तरुण, उंच, फार सभ्य. माझ्यापुढे गुडघ्यावर बसून हळूहळू बोलला, लहान मुलाशी बोलतात तसं. लेझर, मॅम, व्हेरी लिटल पेन. मी म्हणाले, "हाऊ यू नो? शी टोल्ड यू?" तो हसला. म्हणाला, युअर सन साइन्ड. मी म्हणाले, "यस. आय अ‍ॅम हिज मदर." त्याने श्रीरंगला फोन लावला, पण श्रीरंग त्या पांढऱ्या डगल्यात, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून आत गेलेला. तिथे फोन नेत नाहीत. डॉक्टरने खांदे उडवले आणि मला पाण्याची बाटली आणून दिली. माणूस वाईट नाही. पण मांजर दिलं नाही मी.

साडेआठ ते एक. साडेचार तास मी त्या खुर्चीवर बसले. रामरक्षा म्हटली, ती किती वेळा ते मोजलं नाही. तो कुत्रा भुंकला की ही माझ्या मांडीत नखं रोवायची. साडीतून, परकरातून, थेट आत. आंघोळीला बसले तेव्हा बघितलं, नऊ लाल टिंबं होती. मी हूं का चूं केलं नाही. तिला दुसरं धरायला काय होतं? लोक येत होते, जात होते, साडी नेसलेली ही म्हातारी मांजर घेऊन पुटपुटत का बसली आहे म्हणून बघत होते. बघा म्हटलं.

श्रीरंग आला तो आधी कळवळला, मग चिडला. गाडीत म्हणाला, "आई, तूच म्हणालीस ना, मांजर नाहीतर मी? आता तूच?" म्हटलं, हो, मीच. माझा शब्द मी दिला, मीच मोडते. तो म्हणाला, बाळाच्या डोळ्याला लागलं म्हणजे? आणि कपाळ चोळलं. त्याच्या डाव्या भुवईवरचा तो पांढरा व्रण तू पाहिला असशील. तो लहानपणचा, आमच्या मांजराचा. ही गोष्ट त्याने तुला सांगितली असेल. मी त्याला सांगितली तशीच. मांजराने ओरबाडलं, आणि मग ते मांजर कुठेतरी निघून गेलं.

ते निघून गेलं नाही.

बहात्तर साली आम्ही कुरुंदवाडला दोन खोल्यांत राहत होतो. श्रीरंग आठ महिन्यांचा. ठकी नावाची मांजर दुधाला यायची, ती राहिलीच. त्याने एकदा तिची शेपूट ओढली आणि तिने पंजा मारला. रक्त बघून माझा जीव गेला. शेजारणी म्हणाल्या, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता. श्रीरंगचे बाबा म्हणाले, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो. मी म्हणाले, नको, मुकं जनावर, दाराशी आलेलं. मी दयाळू ना! त्यापेक्षा नखं काढू, म्हणजे ती इथेच राहील आणि बाळालाही भीती नाही. दर रविवारी त्र्यंबक न्हावी यांची दाढी करायला यायचा. मी ठकीला पोत्यात धरली आणि त्र्यंबकने पुढच्या दोन्ही पंजांची नखं मुळापर्यंत कापली. तो नको म्हणत होता. "वहिनी, जिवंत भाग आहे," म्हणाला. मी म्हणाले, काप. हळद लावली. त्या दिवशीच्या हिशोबाच्या वहीत त्र्यंबकच्या नावापुढे मी नुसतं 'दाढी' लिहिलं. आयुष्यात वहीत केलेली खोटी नोंद ती एक.

चौथ्या दिवशी दुपारी अंगणात दोन कुत्री शिरली. अंगणात रामफळाचं झाड होतं, त्यावर ती रोज चढायची. पळत गेली, उडी मारली आणि घसरली. पुन्हा उडी, पुन्हा घसरली. मी खिडकीत होते, मांडीवर श्रीरंग दूध पीत होता. त्याला खाली ठेवून कडी काढायला उठले. तिसऱ्या उडीच्या वेळी तिने माझ्याकडे बघितलं, असं मला वाटतं. कडी काढेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा सांगितलं, गेली कुठेतरी. पुढे हे देवाघरी गेले, पण तोवर यांनाही मी खरं सांगितलं नाही. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आपण पोरवयात ऐकतो. अठ्ठ्याण्णव साली आम्ही काशीला गेलो. घाटावर गुरुजींनी विचारलं, काही विशेष प्रायश्चित्त? बोटातली अंगठी मी फिरवत राहिले. हे शेजारी उभे होते. काही नाही म्हणाले मी.

आता तुला कळलं असेल, मी मांजरावर एवढी का उखडायची. ती पाळण्याकडे बघायची तेव्हा मला ही दिसायची नाही, ठकी दिसायची. आणि मी तुझ्या तोंडून तेच करवून घेतलं जे मी तेव्हा केलं. घालवून देण्यापेक्षा नखं काढलेली बरी, असंच तू मनाशी म्हणाली असशील ना? आईच्या भीतीला नेहमी अशीच दयाळू वाट सापडते. तेव्हा त्र्यंबकची कातर होती, आता लेझर आहे, उजेडाने कापतात, म्हणून ते दिव्यासारखं पवित्र होत नाही.

बाळाचं काय, असं तू विचारशील. विचारलंच पाहिजेस. मारिसोलने जाता जाता मला नखांची टोकं कशी कापायची ते दाखवलं. पंजा हलकेच दाबायचा, नख बाहेर येतं, पांढरं टोक तेवढं उडवायचं, आतली गुलाबी रेघ सोडायची. काल मी सहा नखं केली. बाराव्या मिनिटाला ती पळाली, उरलेली उद्या. नाही, उद्या शनिवार, शनिवारी नखं कापत नाहीत. रविवारी करीन. तांदळाची तागाची पिशवी उसवून माझ्या खुर्चीच्या पायाला सुतळीने घट्ट गुंडाळली आहे. कालपासून ती तिथेच ओरबाडते. सोफ्याकडे एकदा गेली होती, पण मी बघते आहे म्हटल्यावर आळस दिल्यासारखं करून परतली. बाळाच्या खोलीच्या दाराला जाळी लावायला श्रीरंगला सांगितलंय. तो "बघू" म्हणाला, म्हणजे लावील. आणि पहिले तीन महिने बाळाजवळ मी झोपणार आहे. माझी झोप तुला माहीत आहे, पापड मोडला तरी जाग येते.

शिवाय पाचवीची तयारी मी तिकडूनच आणली आहे. माझी आजी सांगायची, सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते ती मांजरावर बसून येते. खरं-खोटं तिला माहीत. पण ती एवढ्या लांब, चँडलरपर्यंत यायची, आणि आपल्या घरात तिच्या वाहनाची दहा बोटं तोडलेली बघायची, मग ती पोराच्या कपाळी काय लिहील? मी तर तिच्यासमोर तोंड दाखवणार नाही.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. याच पिशवीत, निळ्या फाइलमध्ये, तुझ्या हॉस्पिटलच्या विम्याच्या कागदांमागे एक वेगळा कागद आहे. श्रीरंगने परत वेळ घेतली आहे, येत्या बुधवारची. मांजर त्यांच्याकडे तुझ्या नावावर आहे, म्हणून या वेळी त्यांना तुझी सही हवी आहे. सासू येऊन बसते असं कळल्यावर त्यांनी नियम कडक केला असावा. श्रीरंग पाच-सहा कागद एकदम पुढे करील, "इथे इथे कर," म्हणेल, आणि तू करशील, कारण तुला हो म्हणायची सवय आहे. ती सवय लावणाऱ्यांत मीही आहे. बुधवारी अक्षय्य तृतीया आहे, आसावरी. त्या दिवशी जे करू ते सरत नाही, चांगलं असो की वाईट. सही करू नकोस. आई म्हणाली म्हणून करू नकोस असं मात्र नको, तसं असेल तर ते तुझं जुनंच 'हो आई' झालं. तुझ्या पोटावर ती झोपायची ते आठव आणि तुला काय हवं ते लिही. तुला खरंच भीती वाटत असेल, तर मला तोंडावर सांग, आपण दोघी मिळून दुसरी वाट शोधू. पण सही केलीस, तर बुधवारी सकाळी मी परत त्याच खुर्चीवर जाऊन बसणार. पायी जाईन. श्रीरंगला भुवईची खरी गोष्ट आज जेवताना मीच सांगणार आहे, ते ओझं तुझ्यावर नाही. त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर एक शब्द लिही आणि रिकाम्या डब्यात घालून परत पाठव. डबे घासायला मीच घेते.

तुझीच, आणि तू परत येईपर्यंत खसखशीचीही,
आई